मुक्या गाडीची गिऱ्हाइकं

आमच्या गाडीचा सगळ्यात मोठा दोष हा होता, की ती चालू झाली आहे हे कोणाला पटतच नसे.

मी गिऱ्हाइकाला शेजारी बसवायची, किल्ली फिरवायची आणि म्हणायची, "झाली चालू." समोरचा माणूस आधी माझ्याकडे बघायचा, मग खाली पायांकडे, मग पुन्हा माझ्याकडे. जरा वाट बघून मलाच धीर द्यायचा, "होतं असं मॅडम. अजून एकदा ट्राय करा." तोवर मी मूठ पिळलेली असायची आणि गाडी पुढे सरकलेली असायची. मग तो दांडी घट्ट धरून म्हणायचा, "उतार आहे वाटतं. ब्रेक लावा आधी."

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली. महाप्याच्या औद्योगिक वसाहतीत आमचा एक मध्यम आकाराचा कारखाना होता. गोदामांत माल उचलणाऱ्या ज्या बॅटरीच्या गाड्या असतात, त्यांचे चार्जर आम्ही बनवायचो. धंदा बरा चालला होता. तेवढ्यात आमच्या मराठेसाहेबांच्या डोक्यात आलं, की गोदामात चालते ती गाडी रस्त्यावर का चालू नये? साहेब मूळचे पुण्याचे, त्यामुळे एकदा पडलेला प्रश्न ते सोडत नसत. त्यांनी विजेवर चालणारा तीन चाकांचा छोटा टेम्पो तयार केला, हेड ऑफिसकडून चाचणीची परवानगी मिळवली आणि माझी रवानगी त्या खात्यात केली. मी इलेक्ट्रिकलची डिप्लोमा. हुद्दा सर्व्हिस इंजिनियर. प्रत्यक्षात मी विक्रेती, ड्रायव्हर, शिक्षिका आणि भांडणं झाली तर पंच, असं सगळंच होते.

गाडी साधी होती. सीटखाली आणि मालाच्या फळीखाली शिशाच्या बॅटऱ्यांची रांग, त्यांच्यावर चालणारी मोटर, आणि बाकी बिघडण्यासारखं जवळपास काही नाही. एवढ्याच कारणासाठी गॅरेजवाले आमच्यावर खार खाऊन असत. रोज रात्री ती प्लगला लावायची, आठवड्यातून एकदा बॅटऱ्यांची झाकणं उघडून शुद्ध पाणी घालायचं, झालं. मात्र एक पथ्य कडक होतं. बॅटरी रिकामी ठेवायची नाही. माठ कसा रिकामा करून पालथा घातला, तरी पुढच्या उन्हाळ्यात काढला की पुन्हा पाणी गार करतो. बॅटरीचं तसं नसतं. ती रिकामी पडली की आतल्या आत मरते. हे मी इतक्या लोकांना इतक्या वेळा सांगितलं, की घरी नवरा म्हणायचा, झोपेतसुद्धा तू कुणाला तरी पाणी घालायला सांगत होतीस. माझ्या सगळ्या पंजाबी ड्रेसांना अ‍ॅसिडची बारीक भोकं पडली होती. लग्नाकार्याला कुठला घालायचा, हा माझ्यापुढचा खरा तांत्रिक प्रश्न होता.

चाचणीसाठी आम्ही दोन गाड्या खऱ्या धंदेवाल्यांना वापरायला दिल्या. वर्षभर चालवा, काय त्रास होतो ते सांगा, पसंत पडली तर पुढे विकत घ्या, असा करार. त्रास सांगायला लोकांनी वर्षभर वाट बघितली नाही.

पहिला त्रास खुद्द रस्त्यावर भेटला. वाशीच्या नाक्यावर एका हवालदाराने मला अडवलं. माणूस सज्जन होता. गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाला, "पीयूसी दाखवा."

"साहेब, ही विजेवर चालते. हिला धूरच नाही."

"बरोबर आहे. मग धूर नाही त्याचं सर्टिफिकेट दाखवा."

मी गेले पीयूसी काढायला. तिथला माणूस हातात नळी घेऊन गाडीच्या मागे वाकला, मग खाली झोपून बघितलं, मग उठून कपडे झटकत म्हणाला, "मॅडम, नळी घालू कुठे? सायलेन्सर लावून आणा, मी दोन मिनिटांत पास करून देतो." शेवटी साहेबांनी वरपर्यंत खेटे घालून, ह्या वाहनास पीयूसीची गरज नाही असं पत्र मिळवलं. तोच हवालदार पुन्हा भेटला तेव्हा मी ते मोठ्या ऐटीत पुढे केलं. त्याने ते नीट वाचलं, घडी घालून परत दिलं आणि आपुलकीने म्हणाला, "पत्र चांगलं आहे. पण एखादं पीयूसी काढूनच ठेवा. जवळ असलेलं बरं."

एक गाडी कोपरखैरण्याच्या बेकरीवाल्या सलीमभाईंना दिली होती. तेव्हा नव्या सेक्टरांत इमारती उठल्या होत्या, दुकानं आली नव्हती. सलीमभाई सकाळी टेम्पोतून पाव, अंडी, खारी घेऊन दारोदार फिरायचे. पहिल्याच महिन्यात ते कारखान्यात आले. हातात खारीचा पुडा होता, म्हणजे तक्रार मोठी होती.

"मॅडम, गाडी एकदम फर्स्ट क्लास आहे. पण पाव घरी परत येतो."

"म्हणजे?"

"आपला जुना टेम्पो कसा, फटफट ऐकू आली की बायका दूध गॅसवरून उतरवून खाली यायच्या. आता मी कधी येतो, कधी जातो, कोणाला पत्ताच नाय. परवा एक बाई बोलली, सलीमभाई, बंद केलंत का येणं? मी तिच्या खिडकीखालीच उभा होतो."

साहेबांनी गाडीला घंटी बसवून दिली. सलीमभाई पुन्हा आले. आता घंटी ऐकून पोरं कुल्फी समजून पळत येत होती आणि पाव बघून रडत परत जात होती. गाडी आमच्याकडे परत आली. साहेबांच्या ते फार मनाला लागलं. गाडीची घरघर घालवण्यात त्यांनी उमेदीची वर्षं घालवली होती, आणि लोक त्याच घरघरीसाठी खिडकीत कान देऊन बसत होते.

दुसरी गाडी वाशीच्या एका लॉन्ड्रीवाल्या चव्हाणांना दिली होती. ते राहायचे सोसायटीत, आणि गाडी रात्री पार्किंगमध्ये प्लगला लावायची. सोसायटीचे सेक्रेटरी सामंत सरकारी खात्यातून निवृत्त झालेले होते. त्यांनी ह्या प्लगसाठी खास सभा बोलावली आणि समजावून द्यायला मला बोलावलं. पहिला प्रश्न आला, बिल कोण भरणार? चव्हाण म्हणाले, मी वेगळा मीटर घेतो. तरी मिटलं नाही. गाडीतली वीज गळून शेजारच्या स्कूटरींत शिरेल का? रात्री चार्जिंग लावलं की तिसऱ्या मजल्यावर टीव्हीला मुंग्या येतात, त्याचं काय? मी सांगितलं, मुंग्या केबलवाल्यामुळे येतात. त्यावर केबलवाला उठून उभा राहिला, कारण तोही सभासद होता. तिथून पुढची सभा माझ्या हातात राहिली नाही. परवा, म्हणजे इतक्या वर्षांनी, उलव्यात आमच्या सोसायटीच्या मीटिंगला बसले होते. विषय, पार्किंगमधला चार्जिंग पॉइंट. पहिला प्रश्न, बिल कोण भरणार? फक्त टीव्हीच्या जागी वायफाय आलं होतं. मी दुसरा चहा मागवला.

तर चव्हाणांचीही गाडी परत आली. सलीमभाईंची गाडी ताब्यात घेऊन मी दुपारी महाप्याकडे परत निघाले होते, तेव्हा मला चांगुणाबाय भेटली.

कोपरखैरण्याच्या स्टॉपवर एक पन्नाशीची बाई उभी होती. हातात मासळीची पाटी. बस आली, कंडक्टरने पाटीकडे बघून नाक मुरडलं, बस गेली. तिने मला हात दाखवला.

"बाय, घनसोलीला सोरतेस? माजं गुडघं धरलंत."

मी थांबले. तिने पाटी मागे ठेवली, शेजारी बसली आणि मी निघाले. थोडं पुढे गेल्यावर तिने वाकून खाली बघितलं.

"हिचा आवाज कुठं गेला?"

"हिला आवाज नाही. विजेवर चालते."

"मुकी हाय?" ती म्हणाली. "बरंय. आमच्या घरात मी एकटीच बोलते, नवरा आयकतो. हिला पन सवय हुईल."

सेक्टरांमधून जाताना तिला राहवलं नाही. पाटीत थोडी कोलंबी आणि निवट्या उरल्या होत्या. चालत्या गाडीतून तिने एकच हाळी दिली, "म्हावरं घ्या म्हावरं, ताजी कोलंबी." मी दचकले. तो आवाज दोन्ही बाजूंच्या इमारतींवर आपटून परत आला. चौथ्या मजल्यावरची एक खिडकी उघडली, मग शेजारची. वरून टोपली सोडली गेली. टेम्पोच्या फटफटीत बसून कोणी अशी हाळी दिली असती, तर ती तिच्या स्वतःच्या कानाला ऐकू आली नसती. ज्या शांततेपायी सलीमभाईंचा पाव परत जात होता, त्याच शांततेत हिची कोलंबी घणसोली यायच्या आत संपली.

ती उतरताना म्हणाली, "ही गारी कोनाला देनार हाय?"

मी साहेबांना जाऊन सांगितलं. साहेबांनी आयुष्यात मासा खाल्ला नव्हता. "वास जाईल ना नंतर?" एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हटलं जाईल. तो कधीच गेला नाही.

चांगुणाबायचं गणित सरळ होतं. घणसोली गावात तिचं घर, खाडीतली मासळी, आणि कोपरखैरणे-वाशीच्या सेक्टरांत स्वतः जोडलेली गिऱ्हाइकं. ह्या घरी जिताडा लागतो, त्या घरी फक्त बोंबील, अमकीच्या सासूला चिंबोऱ्या हव्यात पण सुनेसमोर नाही, हे सगळं तिला ठाऊक. पण डॉक्टरने डोक्यावरचं ओझं बंद करायला सांगितलं होतं. बस घेत नाही, टेम्पोवाले वासापायी नाही म्हणतात. पोरं म्हणत होती, आता घरी बस. घरी बसणं म्हणजे काय, हे ती माझ्याजवळ एकदा बोलली. "सकाली उठून मी कुनाला हाक मारू मग?" गाडी टिकली तर तिचा धंदा टिकणार होता, नाहीतर नाही. तिच्या नवऱ्याकडे, काशिनाथदादांकडे, लायसन होतं. ते आधी मिठागरावर होते, मग एका कंपनीची गाडी चालवून निवृत्त झाले होते. ते गाडी चालवणार, ही हाळी देणार.

राहिला प्लग. गावात घरांना घरं लागलेली, संध्याकाळी दिवे पिवळे पडायचे इतकी वीज अशक्त. तिथे गाडी चार्ज करणं म्हणजे अख्ख्या आळीचे पंखे बंद पाडणं. मी नकाशा घेऊन बसले. चांगुणाबायने नकाशाकडे बघितलंही नाही. ती बर्फाच्या कारखान्यात गेली. तिथून ती रोज बर्फ घ्यायची, आणि तिथे भक्कम वीज होती. मालकाला तिने काय सांगितलं माहीत नाही, पण दुपारी माल संपला की गाडी बर्फ कारखान्याच्या भिंतीला लागायची आणि पहाटे बर्फ घेऊनच बाहेर पडायची. आमच्या पट्ट्यात शुक्रवारी कारखान्यांची वीज बंद असायची, ती चिंता मला होती. पण गुरुवारी निम्मी कॉलनी मासळी खात नाही, तेव्हा गाडी बुधवार दुपारपासून आरामात भरत बसायची. मग सोमवार, मग शनिवार. चार्जिंगचं वेळापत्रक लोकांच्या उपासांनी आखून दिलं. साहेब त्या तक्त्याकडे कौतुकाने बघत राहिले आणि म्हणाले, "हे आपल्याला सुचायला हवं होतं." त्यांना सुचलं नसतंच, आणि मलाही नाही.

गाव गाडीला मुकी म्हणायला लागलं. "मुकी आली," "मुकी गेली." त्या हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात ती एकदाही बंद पडली नाही. चांगुणाबाय आपल्या जागेवर पाय पसरून बसायची आणि तिथूनच राज्य करायची. हेड ऑफिसला जाणाऱ्या रिपोर्टांत मी इतकं गोड लिहायला लागले, की साहेब म्हणाले, "जरा एखादी अडचण पण लिहा, नाहीतर त्यांचा विश्वास बसणार नाही."

अडचण आम्ही स्वतःच छापून ठेवली होती. गाडीबरोबर एक माहितीपत्रक द्यायचो, ते साहेबांनी स्वतः शुद्ध मराठीत लिहिलेलं. त्यात एक वाक्य होतं, "पावसाळ्यात वाहन झाकून ठेवावे." साहेबांच्या मनात एवढंच होतं, की उघड्यावर उभी असेल तर ताडपत्री टाका, पाणी आत जाऊ देऊ नका. पण घणसोलीच्या खाडीकाठच्या माणसाला पावसाळ्यात झाकून ठेवणं म्हणजे काय ते वेगळं शिकवावं लागत नाही. पाऊस लागला की होड्या वर ओढायच्या, तेल लावायचं, शाकारायच्या, आणि नारळी पौर्णिमेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. छापलेल्या वाक्यापुढे माझं तोंडी पथ्य मागे पडलं. चांगुणाबाय पावसात ताजी मासळी विकत नसेच. घरूनच सुकट विकायची. मीही त्या दिवसांत पुण्याच्या ऑफिसात अडकले होते. दोनतीनदा गावातल्या वाण्याच्या दुकानी फोन केला. तो निरोप आणायचा, "मुकी मजेत हाय. आराम करतेय."

मला वाटलं, धंदा मंद आहे असं म्हणायचंय.

नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी तिचाच फोन आला. "बाय, उद्या मुकीला काढायची हाय. ती उठत नाय."

मी घणसोलीला पोचले. अंगणात होडीच्या शेजारी मुकी उभी होती. चाकं रुतू नयेत म्हणून विटांवर चढवलेली. वर पेंढा, त्यावर ताडपत्री. अंगाला होडीला लावतात तेच माशाचं तेल चोपडलेलं, पत्रा नुसता चमकत होता. बॅटऱ्यांच्या वायरी काढून, प्रत्येकीची गुंडाळी करून, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेल्या. इतकी निगा मी कारखान्यातही बघितली नव्हती. आणि तेवढ्या निगेने, रिकाम्या, दोन महिने पडून राहून बॅटऱ्या मेल्या होत्या.

मी पायरीवर बसले. मला खरंच रडू येत होतं.

"काय चुकलं?" चांगुणाबायने विचारलं.

"काही नाही चुकलं. हिला विश्रांती चालत नाही."

"आराम चालत नाय?" तिने मुकीकडे बघितलं. "म्हंजे बाईमानूसच झाली."

काशिनाथदादांनी एका बॅटरीचं झाकण उघडून आत टॉर्च मारला. आत प्लेटांवर पांढरा थर धरला होता. मिठागरावर तरुणपण गेलेला माणूस. ते फक्त म्हणाले, "मीठ पिकलंय."

साहेबांना मी हे सांगितलं तेव्हा ते दुःखातही सुखावले. "टेक्निकली बरोबर आहे," ते म्हणाले. "सल्फेट म्हणजे क्षारच."

असा थर धरला की एक उपाय करून बघता येतो. बॅटरीला अगदी थोडी थोडी वीज देत राहायची, दिवसच्या दिवस, आजाऱ्याला पेज भरवावी तशी. काही वेळा थर विरघळतो, काही वेळा नाही. बर्फ कारखान्याच्या भिंतीपाशी मी, साहेब आणि आमच्या खात्यातली माणसं पाळीपाळीने बसलो. चांगुणाबाय डबा आणायची. साहेबांसाठी वेगळा, वरण-भाताचा. काही बॅटऱ्या गेल्या त्या गेल्या, दोन आम्ही चाचणीच्या साठ्यातून बदलल्या, बाकीच्या हळूहळू जाग्या झाल्या. मुकी उठली. पण पूर्वी एका चार्जिंगमध्ये ती जेवढं चालायची, त्याच्या निम्म्यावर येऊन दमायची.

चांगुणाबायला ते पुरत होतं. घर, बर्फ, तिची सेक्टरं, पुन्हा बर्फाचा कारखाना, एवढीच तिची दुनिया. पण वर्ष भरलं आणि हेड ऑफिसने गाड्या चाचणीसाठी आत मागवल्या. काशिनाथदादांनी मुकी महाप्याला आणून लावली. चाचणीत ठरलेलं अंतर न थांबता कापायचं असतं. मुकी निम्म्यात थांबली. रिपोर्टवर नापास असा शेरा पडला. जोडीला सलीमभाईंचा पाव आणि चव्हाणांच्या सोसायटीची सभा होतीच. हेड ऑफिसचं पत्र आलं की हे खातं बंद करावं, गाड्या मोडीत काढाव्यात, मराठेसाहेबांनी पुन्हा चार्जरकडे लक्ष द्यावं. पत्राची भाषा फार सभ्य होती. साहेबांनी ते दोनदा वाचून ड्रॉवरमध्ये ठेवलं.

दुसऱ्या दिवशी चांगुणाबाय नवऱ्याला घेऊन कारखान्यात आली. केबिनमध्ये खुर्चीवर बसायला सांगितलं तरी बसली नाही.

"साहेब, ती तुमच्या कामाची नाय ना? मग माज्या कामाची हाय. मला द्या."

"अहो, पण ती निम्म्यात थांबते."

"माजं घर त्याच्या आतच येतं."

साहेब अडचणीत पडले. नापास झालेली गाडी कंपनीच्या नावाने विकता येत नव्हती. विकली तर हमी द्यावी लागली असती, आणि हमी द्यायला हेड ऑफिस कधीच तयार झालं नसतं. "बाई, माझ्या हातात असतं तर..." साहेबांनी सुरुवात केली.

"माज्या गुडघ्यात असतं तर मी पन आले नसते," ती म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. "पाटी उचलवत नाय, साहेब."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "भंगार विकायला हेड ऑफिसची परवानगी लागते का हो?"

"नाही सर. वजनावर जातं. कोणीही घेऊ शकतं."

"मग लिहा," साहेब म्हणाले. "तीन चाकांचा लोखंडी सांगाडा, एक नग. त्यासोबत जुन्या शिशाच्या बॅटऱ्या." सांगताना त्यांचा चेहरा एखाद्या शाळकरी मुलासारखा झाला होता. कागदपत्रं नावावर करताना पुढे ज्या खटपटी झाल्या, त्या एका वेगळ्या लेखाचा विषय आहेत आणि तो लेख मी लिहिणार नाही.

आम्ही मुकी वजनकाट्यावर घेतली. चांगुणाबाय आपली जागा धरून बसलेलीच होती. काट्यावरचा माणूस म्हणाला, "बाय, तुम्ही उतरा. नाहीतर तुमचंही वजन भंगारात धरावं लागेल." ती उतरली, पण एक हात गाडीवर ठेवूनच उभी राहिली. आमच्या कारखान्याने विकलेली विजेची पहिली आणि शेवटची गाडी गेली, ती किलोवर.

मग आम्ही गेटवर आलो. गेटवर शिंदेमामा होते, साताऱ्याकडचे, लष्करातून निवृत्त झालेले. त्यांच्या गेटमधून साहेबांची पिशवीसुद्धा उघडल्याशिवाय जात नसे. त्यांनी पास उलटसुलट करून वाचला, गाडीकडे बघितलं, सीटवर बसलेल्या काशिनाथदादांकडे बघितलं.

"पासावर भंगार लिवलंय," मामा म्हणाले.

"हो मामा."

"मग ह्यो मानूस किल्ली घिऊन का बसलाय? भंगार आपल्या पायानं भाईर जात न्हाई. चालती गाडी न्यायची आसंल तर गाडीचा पास आना. भंगाराचा पास आसंल तर ट्रकात घाला, न्हाईतर ढकलत न्या."

गाडीचा पास म्हणजे हेड ऑफिस. आम्ही सगळे साहेबांकडे बघायला लागलो. साहेबांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या, मुकीच्या मागे गेले आणि फळीवर दोन्ही तळहात टेकले. "चला," ते म्हणाले, "ढकलू या." आयुष्यात त्यांनी हाताने एवढं जड काही ढकललं असेल असं मला वाटत नाही. त्यांच्या शेजारी मी उभी राहिले, मग आमच्या खात्यातली सगळी माणसं. चांगुणाबायही बाजूने टेकून उभी राहिली. काशिनाथदादा बसून राहिले. हँडल धरायला कोणीतरी लागतंच, हे मामांनाही मान्य होतं.

मामांनी दांडा वर केला. "हां, लावा जोर."

मी पाय रोवले, श्वास घेतला, आणि जोर लावणार तेवढ्यात फळी माझ्या हातांखालून हळूच पुढे सरकली. काहीच ऐकू आलं नव्हतं. मी साहेबांकडे बघितलं. साहेब समोर बघत होते, चेहरा एकदम गंभीर. आम्ही सगळे हात पुढे करून गाडीमागून चालायला लागलो, मग भराभर, मग धावायला लागलो. चांगुणाबाय गाडी हलताच गुडघे सांभाळत चढून आपल्या जागेवर बसली होती. साहेब धापा टाकत काशिनाथदादांना पुटपुटत होते, "सावकाश, अहो सावकाश." मागून मामांचा आवाज आला, "शाबास. आजून जोर लावा." त्यांना कळलं होतं की नाही, हे त्यांनी मला निवृत्त होईपर्यंत सांगितलं नाही.

गेटबाहेर रस्त्याला लागल्यावर मुकी आमच्या हातांतून सुटली आणि वळली. साहेब कडेला तसेच थांबले, दोन्ही हात अजून पुढे.

"पिकअप चांगला आहे अजून," ते म्हणाले. मग कोपऱ्यापलीकडून, पाटी रिकामी असताना, विकायला काहीही नसताना, तिने हाळी दिली, आणि ती आम्हा सगळ्यांना स्पष्ट ऐकू आली.